बावीस सेंटिमीटर

शिवन्या लाडच्या वेणीवरून फणी खाली सरकत गेली आणि निवेदिता पाटोळेच्या हातातल्या पडद्यावर चार महिन्यांत पहिल्यांदाच लाल पट्टा उमटला.

निवेदिता खुर्चीतच ताठ झाली. पट्टा बोटभर नव्हता, चांगला वीतभर होता.

“मॅडम, झालं का? मला नाचाच्या तालमीला जायचंय,” शिवन्या म्हणाली. आठ वर्षांची, गोबऱ्या गालांची, तोंडाला क्षणाची उसंत नसलेली पोरगी. “मी पहिल्या रांगेत आहे. लांब केसवाल्या पुढं, बाकीच्या मागं, असं बाईंनी सांगितलंय.”

“एकच मिनिट हं. परत एकदा फिरवते.”

पुन्हा फिरवली. पुन्हा लाल.

वारणेच्या खोऱ्यातल्या निंबाळे गावच्या शाळेत आरोग्यगाडी येऊन तीन दिवस झाले होते. गाडीत माणसं दोनच. तीस वर्षं शाळा तपासत फिरलेले डॉक्टर फिरोज मुजावर आणि जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून जेमतेम वर्ष झालेली निवेदिता. मुलांचे दात, डोळे, वजन डॉक्टर बघत. फणी निवेदिताकडे. फणी तशी सरकारची, पण निवेदिता तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

फणीमागचं तत्त्व सोपं होतं. केस मुळाशी तयार होतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तयार होताना रक्तातल्या काही गोष्टी थोड्या थोड्या त्यात अडकून बसतात. माणूस घाबरून, ताणाखाली राहिला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, तेही अडकतं. केस कातडीबाहेर आला की तो निर्जीव धागा. आत अडकलेलं आतच राहतं. म्हणजे डोक्यापासून तीन सेंटिमीटरवर तीन महिन्यांपूर्वीचा काळ आणि बारावर वर्षापूर्वीचा. शास्त्रज्ञांना हे बरीच वर्षं ठाऊक होतं. पण वाचायचं तर केस कापा, तुकडे करा, विरघळवा, प्रयोगशाळेत पाठवा. आणि एवढं करूनही जुना भाग धुण्यात फिका झालेला असायचा. नव्या फणीच्या दातांतून प्रकाशाचे बारीक किरण केसाच्या गाभ्यात शिरत आणि परत येताना किंचित रंग बदलून येत. प्रत्येक रेणू हा बदल आपापल्या तऱ्हेने करतो, म्हणून बदलावरून रेणू ओळखता येई. गाभ्यात, पाणी पोचत नाही अशा जागी चिकटून राहिलेला अंशसुद्धा सुटत नसे. शिवाय फणी केसाची जाडी मोजे, कारण पोटाला कमी पडलं की केस बारीक होतो. वेणीतल्या हजारभर केसांचं असं वाचन करून ती एकच आलेख काढी.

प्रत्येक मुलाच्या आलेखात टेकड्या असतातच. ताप येतो, परीक्षा येते, आजोबा जातात. टेकडी चढते, उतरते. अशा टेकड्यांवर फणी ओरडत नसे. ताण महिनोन्महिने उतरलाच नाही आणि त्याच काळात केसही बारीक झाला, तरच ती लाल होई.

शिवन्याच्या आलेखात पहिले अठरा सेंटिमीटर शांत होते. मग एकदम कडा तुटल्यासारखा आलेख वर गेला आणि वेणीच्या टोकापर्यंत, बावीस सेंटिमीटर, खाली आलाच नाही. केसाची जाडी त्याच जागी झपकन उतरली होती. दीड वर्षापूर्वी काहीतरी थांबलं होतं. त्याआधी सलग बावीस महिने ते चाललं होतं. केवढा सरळ कडा! एका दिवसात थांबलं असणार, निवेदिताच्या मनात आलं. असा स्वच्छ आलेख तिने प्रशिक्षणातसुद्धा पाहिला नव्हता.

तिला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. समोर एक मूल बसलं होतं.

“शिवन्या, तालमीला जायच्या आधी डॉक्टरकाकांकडे जाऊन ये.”

डॉक्टर मुजावरांनी तिला पुन्हा वजनकाट्यावर चढवलं, उगाच गुदगुल्या करून हसवलं, आणि हसवता हसवता हात, पाठ, पोटऱ्या बघून घेतल्या. एक ओरखडा होता गुडघ्यावर.

“हा काय?”

“सायकलवरनं पडले. ब्रेक दाबायचा विसरले.”

“आणि घरात कोण ओरडतं गं जास्त?”

“आई. मोबाईल घेतला की.”

“मग तू काय करतेस?”

“मी पप्पांचा घेते.”

ती पळाली. डॉक्टरांनी चष्मा पुसला. “पाटोळे, या पोरीला कुणी उपाशी ठेवलं असेल, तर मी डॉक्टरकी सोडून पानपट्टी टाकतो.”

“सर, हे आत्ताचं नाहीच. अठरा महिन्यांपूर्वीचं आहे. पोरं विसरतात, तुम्हीच म्हणता ना? मी दोनदा वाचलं.”

डॉक्टरांनी आलेख वरपासून खालपर्यंत पाहिला. “फणीला मारणारा हात दिसत नाही. भीती दिसते, भूक दिसते. बाकीचं माणसानं जाऊन बघायचं.”

“म्हणजे कळवायचं?”

“म्हणजे काय? संशय आला की चोवीस तासांत कळवायचं. खरं-खोटं शोधणं आपलं काम नाही. प्रामाणिकपणे दिलेली सूचना चुकली, तर त्यात गुन्हा नाही. दाबून ठेवली, तर आहे. लाव फोन.”

निवेदिताने मुलांसाठीचा मदत क्रमांक, एक-शून्य-नऊ-आठ, लावला. मुलीचं नाव, वय, काय दिसलं, काय दिसलं नाही, सगळं नीट सांगितलं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून कुरणे मॅडम उद्या सकाळी शाळेत येतील, असं पलीकडून सांगण्यात आलं.

मुख्याध्यापिका आवटी बाईंना कळवणं भाग होतं. त्या ऐकून हसायलाच लागल्या.

“लाडांची पोर? अहो, स्वप्नाली लाड बचतगटाची अध्यक्ष आहे. शाळेला पाण्याची टाकी तिनं मिळवून दिली. तुमच्या फणीला वेड लागलंय का?”

“बाई, हे कुणाला सांगायचं नाही. नियम आहे.”

“मी कशाला सांगत्येय!” आवटी बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नाली लाड कुरणे मॅडमच्या आधी शाळेत हजर होती.

तिशी ओलांडलेली, इस्त्रीची साडी नेसलेली, मोठ्या आवाजाची बाई. डाव्या हाताला शिवन्या. दारात चार बायका गोळा झालेल्या.

“कोण ती फणीवाली? तू होय?” तिने निवेदिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माझ्या पोरीला मी छळते? आठ वर्षांची झाली तरी हातानं भरवते मी हिला! लाव तुझी फणी. लाव सगळ्यांसमोर.”

निवेदिताने आवटी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तेवढ्यात कुरणे मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी दारातल्या बायकांना आधी वाटेला लावलं, मग शांतपणे खुर्ची ओढली. “बसा ताई. पोरीला पाणी द्या. पाटोळे मॅडम, वाचन परत घ्या.”

निवेदिताने शिवन्याच्या मागे उभं राहून फणी उचलली आणि तिचा हात तिथेच थांबला.

शिवन्याच्या आज वेण्या नव्हत्या. केस मोकळे होते आणि खांद्याच्या जरा खाली संपत होते.

“वेणी... कालची लांब वेणी?”

“गंगावन होतं ते!” स्वप्नालीने कपाळावर हात मारला. “गॅदरिंगच्या नाचाला लांब वेण्या पाहिजेत म्हणून घातलेलं. बाईचा जन्म तुझा, आणि तुला गंगावन कळेना?”

निवेदिता लहानपणापासून केस कानापर्यंत कापत आली होती. गंगावन नावाचा केसांचा झुपका वेणीत गुंफतात, हे तिने ऐकलं होतं. गुंफल्यावर कुठे जोड दिसत नाही, हे तिला माहीत नव्हतं. फणीच्या पुस्तिकेत पहिलंच वाक्य होतं: वेणी सोडून, मोकळे केस मुळापासून वाचावेत. पण काल आवटी बाई म्हणाल्या होत्या, तासाभरात तालीम आहे, वेण्या सोडल्या तर पुन्हा कोण घालत बसणार? आणि निवेदिताने मान डोलावली होती.

तिने फणी फिरवली. अठरा सेंटिमीटर. शांत. शिवन्याने मान वर करून कुजबुजून विचारलं, “मॅडम, तुम्ही मैत्रिणींना नाही ना सांगणार? त्यांना वाटतंय केस माझेच आहेत.”

“नाही सांगणार,” निवेदिता म्हणाली.

“कुठून आणलंत गंगावन?” कुरणे मॅडमनी सहज विचारलं.

“जत्रेतनं.”

शिवन्याने आईकडे बघितलं, तोंड उघडलं. स्वप्नालीचा हात तिच्या खांद्यावर पडला. शिवन्याने तोंड मिटलं.

कुरणे मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. “सूचना चुकीच्या वाचनामुळे दिली गेली, असं लिहून द्यावं लागेल, पाटोळे मॅडम. नाहीतर या कुटुंबावर नोंद राहील. ते बरं नाही.”

“द्यायलाच पाहिजे,” आवटी बाई खिडकीतून वळल्या. “गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही बिचारीला.”

पेन निवेदिताच्या हातात आलं. पुढचं सगळं तिला दिसत होतं. प्रयोग अजून चाचणीवरच होता. पहिला लाल पट्टा म्हणजे जत्रेतलं गंगावन, ही बातमी जिल्हाभर हसत हसत फिरणार. फणी कपाटात जाणार. आणि ते योग्यच होतं, कारण चूक तिची होती.

सही करायला ती वाकली, आणि मग तिच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. जत्रेतलं गंगावन लाल कसं होईल?

“सर,” ती म्हणाली, “दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं द्या मला.”

“कशाला?” स्वप्नाली म्हणाली.

“माझी चूक नीट लिहायची आहे.”

डॉक्टर मुजावरांनी तिच्याकडे एकदा बघितलं. “बाई, चहा सांगा की सगळ्यांना,” ते आवटी बाईंना म्हणाले. “चुका सावकाश लिहाव्यात.”

निवेदिता पडदा घेऊन गाडीत जाऊन बसली. कालचं वाचन उघडलं, सरासरी काढून टाकली आणि हजार केसांचे हजार धागे एकाखाली एक मांडले.

बाजारातलं गंगावन पन्नास बायकांच्या केसांचं असतं. विंचरताना गळलेला गुंतवळ गोळा होतो, तेजाबात धुतला जातो, रंगवला जातो. तेजाबाने केसाचं वरचं कवच जातं आणि आतलं बहुतेक सगळं धुऊन निघतं. शिवाय गुंतवळात कुणाचं मूळ वर असतं, कुणाचं खाली. असा झुपका वाचला, तर नुसती खरखर दिसायला हवी.

इथे खरखर नव्हती. एका जागी ताप आल्यावर उमटते तशी एक टोकदार रेघ होती, आणि ती हजारच्या हजार केसांत एकाच अंतरावर होती. आणखी दोन अशाच रेघा खाली. सगळ्या केसांची मुळाकडची टोकं एकाच बाजूला, जोडाकडे. म्हणजे हे केस एकाच डोक्यावरचे होते. गळलेले नव्हते. जुडी हातात धरून कात्रीने कापलेले होते.

पण कुणाचं डोकं? स्वप्नालीचं स्वतःचं? तिने तेलकटपणाची नोंद उघडली. एरवी ही नोंद कुणी बघतही नसे. खोबरेल वेगळं काढल्यावर टाळूतून येणारा स्निग्धांश उरतो. त्यात स्क्वालीन नावाचा एक पदार्थ असतो. वयात आलेल्या माणसाच्या टाळूत तो भरपूर सुटतो. त्याआधी जवळजवळ नाहीच.

स्क्वालीनचा आकडा नगण्य होता. बावीस सेंटिमीटर, सगळीकडे.

लहान मूल.

आणि मग शेवटची गोष्ट तिच्या लक्षात आली, तेव्हा ती गाडीतच उठून उभी राहिली. डोकं छताला आपटलं. फणी काळ मोजते तो डोक्यापासूनच्या अंतरावरून. अठरा सेंटिमीटर म्हणजे अठरा महिन्यांपूर्वी, हे शिवन्याच्या केसांना लागू होतं. या केसांना नाही! यांचं मूळ म्हणजे तो जोडच. जोडापाशी आलेख उंचच होता. काहीही दीड वर्षापूर्वी थांबलेलं नव्हतं. कात्री चालली त्या दिवसापर्यंत ते चालू होतं. आणि गंगावन नवं होतं, गॅदरिंगसाठी केलेलं.

ती धावत ऑफिसात आली. दारात थांबून श्वास घेतला, आणि चेहरा जमेल तेवढा सरळ ठेवून म्हणाली, “कुरणे मॅडम, लिहिताना एका शब्दावर अडलेय. जरा बाहेर येता?”

व्हरांड्यात तिने चार वाक्यांत सांगितलं. कुरणे मॅडमनी एवढंच विचारलं, “खात्री?”

“केस एकाच मुलाचे आहेत, याची आहे. ते मूल कुठलं, हे फणी सांगू शकत नाही.”

“ते मी शोधते.” त्यांनी फोनवर काही उघडलं. “लाडांच्या शिधापत्रिकेवर मुलं दोन दिसतायत. एक शिवन्या. दुसरी समीक्षा, वय बारा. बाईंना बोलवा जरा. एकट्यांना.”

आवटी बाई पदर सावरत आल्या.

“समीक्षा कोण, बाई?”

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता उतरला.

“स्वप्नालीच्या बहिणीची पोर. बहीण वारली. बापानं दुसरं केलं, तो तिकडं गुजरातला. ही यांनीच ठेवून घेतली. माझ्याकडं तिसरीपर्यंत होती. मग मुक्त शाळेत घातली, घरून शिकायला. मोबाईलवर असतं ना ते. दाखल्यावर मीच सही केली.”

“मुक्त शाळेतल्या मुलांची फणी होते का?” कुरणे मॅडमनी निवेदिताला विचारलं.

“नाही. शाळेत येतील त्यांचीच.” हे बोलतानाच निवेदिताला त्यातली उणीव कळली.

“तिच्यात कधी काही जाणवलं होतं, बाई?”

“नाही,” आवटी बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “वर्गात झोपायची. दुपारची खिचडी अर्धी डब्यात भरून ठेवायची. मला वाटलं, संध्याकाळी खात असेल. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या. शाळा सुटली की माझ्या टेबलापाशी घुटमळायची. फळा पुसू का बाई, खडू भरू का बाई. मी म्हणायचे, जा गं घरी, वाट बघत असतील.” त्यांनी पदर तोंडाशी नेला. “सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं हो. मला वाटलं, आईविना पोर आहे, अशीच असायची. काल रात्री फोनसुद्धा मीच केला स्वप्नालीला. मला वाटलं, उगाच चांगल्या घराची...”

“ते नंतर बघू,” कुरणे मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण त्यात थांबायला जागा नव्हती. “आत्ता तुम्ही शिवन्याला वर्गात न्या आणि तिच्याजवळ बसा. तिला काही विचारायचं नाही. तिनं काही केलेलं नाही.”

त्यांनी ठाण्यातल्या महिला पोलिसांना फोन केला, मग ऑफिसात जाऊन स्वप्नालीला म्हणाल्या, “ताई, घरी जाऊ या. समीक्षाला भेटायचंय.”

स्वप्नालीने चहाचा कप बशीवर ठेवला.

“तिचं काय? ती मुक्त शाळेत आहे. कागद आहेत माझ्याकडं.”

“कागद बघीनच. तिलाही बघते.”

“कुणी घेत नव्हतं तिला!” स्वप्नाली एकदम ओरडली. “बाप टाकून गेला, आत्या-काका सगळ्यांनी हात वर केले. मी ठेवली. दोन वेळचं घालते. कुणी विचारायला आलं नाही तेव्हा, की पोरीचं कसं चाललंय, तुझं कसं चाललंय. आणि आज फण्या घेऊन येताय!”

निवेदिताला वाटलं, यातली काही वाक्यं खरी आहेत. पण डोळ्यांसमोर तो आलेख होता, आणि दोन वेळचं खाणाऱ्या मुलाचा केस इतका बारीक होत नाही.

लाडांचं घर दुमजली, पुढे गुलाबाच्या कुंड्या. समीक्षा घरात नव्हती. मागे गोठा, गोठ्याला लागून पेंडीच्या पोत्यांची खोली. तिथे एका कडेला घडी घातलेली वाकळ होती आणि खिळ्याला दोन कपडे. दारात एक मुलगी मोठ्या बादलीत दुधाचे कॅन घासत बसली होती. बारा वर्षांची, पण अंगाने शिवन्याएवढीच. डोक्यावरचे केस एखाद्या बोटाच्या पेराएवढे, वेडेवाकडे कापलेले.

माणसं बघून ती उठली आणि लगेच पाठ केल्यासारखं म्हणाली, “मी शाळेत जाते. मोबाईलवर. मी जेवलेय.”

कुरणे मॅडम तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या. “बरं झालं. आम्ही नाही जेवलो अजून. मी शारदा कुरणे. मुलींना भेटायचं माझं काम आहे. हे डॉक्टर. ह्या निवेदिता मॅडम.”

निवेदिताला आता एक वाचन हवं होतं. एक सेंटिमीटर पुरलं असतं. या डोक्याचा ताजा आलेख आणि तिच्याकडचा जुना आलेख टोकाला टोक लावून जुळवला, की कुणाला शंका घ्यायला जागा उरली नसती. तिचा हात नकळत पिशवीत गेला. फणी बाहेर आली.

समीक्षाने दोन्ही हात झटकन डोक्यावर ठेवले आणि ती भिंतीला जाऊन चिकटली. डोळे गच्च मिटलेले. ती ओरडली नाही, हललीही नाही. नुसती थांबली, पुढे काय होणार ते माहीत असल्यासारखी.

निवेदिताने फणी पिशवीत टाकली. पिशवी उचलून डॉक्टरांच्या हातात दिली. “सर, ही गाडीत ठेवून येता?”

डॉक्टर गेले. निवेदिता कुरणे मॅडमच्या शेजारी खाली बसली. हात मोकळे करून मांडीवर ठेवले.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “न विचारता काढायला नको होती. आता तुझ्या डोक्याला कुणी हात लावणार नाही.”

गोठ्यातली म्हैस शेपटी हलवत होती. मग समीक्षाने एक डोळा उघडला. मग दुसरा.

“तुम्ही परत जाणार?” तिने विचारलं.

“तुला घेऊन,” कुरणे मॅडम म्हणाल्या. “तू यायचं म्हणालीस तर आत्ता, लगेच.”

समीक्षाने दाराकडे बघितलं. तिथे महिला पोलीस उभ्या होत्या, त्यांच्या मागे स्वप्नाली, तोंडाला पदर लावलेली. मग तिने बादलीतला घासायचा राहिलेला एक कॅन बघितला. तो उचलून विसळला, पालथा घातला, हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, “चला.”

पाच आठवड्यांनी निवेदिता जिल्ह्याच्या गावी मुलींच्या बालगृहात गेली. मधल्या काळात बरंच घडलं होतं. बालकल्याण समितीने समीक्षाला तिथे ठेवलं होतं. लाडांवर गुन्हा नोंदला गेला होता, शिवन्या वडिलांकडच्या आजीकडे होती. तालुक्यात मुक्त शाळेत नाव असलेली, घरीच राहणारी दोनशे चौदा मुलं होती. त्यांची यादी कुरणे मॅडमनी मागवली होती आणि आवटी बाई रोज शाळा सुटल्यावर त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या घरी जात होत्या. फणी नाही, कागद नाही. बसायचं, बोलायचं, आणि आता बघायचं. निवेदिताने स्वतःची चूक सविस्तर लिहून दिली होती. चाचणी चालू राहिली. पुस्तिकेतलं पहिलं वाक्य मात्र आता ठळक अक्षरांत छापलं होतं, आणि त्याखाली दुसरं आलं होतं: लाल पट्टा कुणाचा, हे आधी शोधावे.

समितीला समीक्षाचं अधिकृत वाचन हवं होतं. केस आता बोटाच्या दीड पेराएवढे झाले होते. तिच्या गालांवर किंचित मांस आलं होतं आणि एका हाताला शाईचे डाग होते.

“फणी आणलीय?” तिने आल्या आल्या विचारलं.

“आणलीय. पिशवीतच आहे. तू हो म्हणालीस तरच काढेन.”

“ती काय करते?”

निवेदिताने सांगितलं. केस कसा वाढतो, त्यात काय अडकतं, प्रकाश रंग कसा बदलतो. लहान मुलीला सांगतात तसं नाही, वर्गात बरोबरीच्या मुलीला सांगावं तसं. समीक्षा पुढे सरकून ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, “मग टकल्या माणसांचं काय?” निवेदिता म्हणाली, “त्यांच्या मिशा वाचाव्या लागतील,” आणि दोघी हसल्या.

“म्हणजे मी घाबरले होते, ते त्यात लिहिलंय?”

“घाबरली होतीस, एवढं. कशाला, ते नाही.”

समीक्षा विचारात पडली. शाईचा डाग खरवडत राहिली.

“मग ती अर्धवटच सांगते की,” ती म्हणाली. “ती राहू दे. तुम्ही मलाच विचारा.”

कुरणे मॅडमनी शेजारच्या खोलीतून येऊन वही उघडली. निवेदिताने एकच प्रश्न विचारला. समीक्षा बोलायला लागली ती दीड तास बोलत होती. मध्ये पाणी प्यायली, मध्ये एकदा थांबली, एकदा उठून खिडकीपाशी गेली, पण पुन्हा येऊन बसली आणि सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. तारखा तिला आठवत नव्हत्या. कुठल्या म्हशीला रेडकू झालं होतं, कुठल्या सणाच्या आधी की नंतर, हे सगळं आठवत होतं. शेवटी ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, “झालं एवढंच. आता मी खेळायला जाऊ?”

ती गेल्यावर निवेदिताने समितीचा फॉर्म पुढे ओढला. फणीचे वाचन, अशा रकान्यात तिने लिहिलं: घेतले नाही. त्याच्या पुढचा रकाना कारणाचा होता. तिथे जागा थोडी होती, पण पुरली.

मुलीने स्वतः सांगितले.